शिष्टरबायची मेंढरं

शिष्टरबायच्या फाटकातून आत पाऊल टाकणाऱ्या माणसाला पहिला शब्द ऐकू यायचा तो ‘पाय’. ‘या’ नाही, ‘बसा’ नाही, ‘कोण ते’ही नाही. फाटकाच्या आतल्या अंगाला जमिनीत एक पसरट घमेलं पुरलेलं असे आणि त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी. त्यात पाय बुडवायचे, शेजारच्या गोणपाटावर पुसायचे आणि मग काय बोलायचं ते बोलायचं. सरपंच असो, पोस्टमन असो, बिरवाडीहून आलेला त्यांचा स्वतःचा मुलगा असो, सवलत कोणालाच नव्हती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या पायांत रबरी बूट होते आणि हातात औषधांची पेटी. दवाखान्याचा माणूस म्हणून मला सोडतील, असं वाटलं होतं.

“तुझेच आधी,” त्या म्हणाल्या. “दहा गोठे फिरून येतोस. तुझ्याएवढा घाण माणूस तालुक्यात दुसरा नाय.”

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. पोलादपूर तालुक्यात मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरीला लागलो होतो. डॉक्टर नव्हतो, पण वाड्यावाड्यांवर जनावरांना सुया टोचत फिरणाऱ्या कोणालाही लोक डॉक्टरच म्हणत. मी घाटावरचा, साताऱ्याच्या कोरड्या बाजूचा. मेंढरांच्या वासातच लहानाचा मोठा झालेला. पोलादपुरात आल्यावर मात्र गाई, म्हशी आणि शेळ्या सोडून दुसरं जनावर दिसेना. त्यात आश्चर्य नव्हतं. जिथं चार महिने आकाश गळतं आणि अंगणातल्या दगडांनाही शेवाळ धरतं, तिथं मेंढी टिकत नाही. खूर कुजतात, पोटात जंत होतात, लोकर भिजून अंगाला चिकटते आणि जनावर खंगत जातं. त्यामुळं उमरठच्या वाटेवर एका कोंडावर, डोंगरातल्या छोट्या वस्तीवर, कुणी रिटायर नर्स हौसेनं नऊ मेंढ्या पाळते असं ऐकलं, तेव्हा मी आधी हसलो आणि दुसऱ्या दिवशी बघायला गेलो.

त्यांनी अठ्ठावीस वर्षं त्या भागात आरोग्यसेविका म्हणून काढली होती. महाडजवळच्या एका बौद्धवाडीतून त्या तरुणपणी तिथं आल्या, कडेवर एक मूल घेऊन. नवरा लवकर गेला होता. तेव्हा वरचा कोंड आणि खालचा कोंड या दोन्ही वस्त्यांना रस्ता नव्हता, दिवे नव्हते आणि त्यांच्या हातचं पाणी पिणारं एकही घर नव्हतं. पण बाळंतपण आलं की त्याच घरांतून माणूस धावत त्यांच्या दाराशी यायचा. एकदा मी त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्या खूर कापायच्या चाकूला धार लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पोर बाहेर येताना जात विचारत नाय. विचारायचं ते नंतर सुरू होतं.” मग त्यांनी मला खुराचा कोपरा किती कापावा हे विचारलं आणि तो विषय तिथंच संपला. लोक त्यांना ‘सिस्टर’ म्हणू लागले, त्याचं ‘शिष्टर’ झालं आणि पुढं ‘शिष्टरबाय’. खरं नाव कोंडावर कुणाच्या तोंडी मी कधी ऐकलं नाही.

मेंढरं आली तीही एका बाळंतपणातूनच. भातकापणी झाली की घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली कोकणात उतरतात. शेतकरी आपल्या शेतात कळप बसवून घेतात, जमिनीला खत मिळतं आणि धनगराला धान्य. बिरू नावाचा एक धनगर दरवर्षी या कोंडावर येई. एका वर्षी त्याची बायको शेतातच अडली. शिष्टरबायनी दोन दिवस तिच्याजवळ बसून तिला सोडवलं. पुढच्या वर्षी बिरू आला तो खांद्यावर एक मादी कोकरू घेऊन. शिष्टरबाय म्हणत, “नको म्हणायला तोंड उघडलं, तवर तो कोकरू ठेवून चालायला लागला.” रिटायर झाल्यावर मुलगा मिलिंद त्यांना बिरवाडीला घेऊन गेला. तो कारखान्यात होता, भाड्याची एक खोली होती. पंधरा दिवसांत त्या परत आल्या. “तिथं दिवसभर भिंतीकडं बघायचं,” त्या मला म्हणाल्या. “हितं निदान कोणी माझ्या तोंडाकडं बघतं.” त्यांचं म्हणणं मेंढरांबद्दल होतं.

मेंढरांना त्यांनी नावं दिली होती ती सगळी हॉस्पिटलातली. सर्वांत थोरली, बिरूनं दिलेली, ती मेट्रन. सगळा कळप तिच्या मागून चाले आणि ती कुणावर खूश आहे असं कधी दिसत नसे. कळपातला एकुलता नर, काही न करता सगळीकडं लक्ष ठेवणारा, तो कंपाउंडर. एक स्टाफ, एक आया, दोन स्टुडंट, एक लॅब. उरलेल्या दोघींची नावं रोज बदलत. मेट्रन चारा सोडून तोंड फिरवून उभी राहिली की शिष्टरबाय म्हणायच्या, “आज राऊंडला बाई नाराज हायत.” त्यांच्या तोंडून विनोद म्हणून मी ऐकला तो एवढाच, पण तो त्या रोज करत.

पावसाळ्यात त्यांचं खरं काम दिसे. जमिनीपासून दोन हात उंच बांबूचा माच बांधून त्यावर त्या मेंढरांना ठेवत, म्हणजे पायांखाली ओल नाही. रोज संध्याकाळी एकेक मेंढी मांडीशी धरून चारही खुरांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करायच्या आणि मोरचूदाच्या पाण्यात बुडवायच्या. नऊ मेंढ्यांचे छत्तीस पाय. बोटं मोरचुदानं निळी पडलेली असत. “एवढं कशाला करता?” मी एकदा विचारलं. या मेंढ्यांचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. लोकर बिरू घेऊन जाई आणि मांस तर त्या खातच नसत. त्यांनी हातातला खूर पुसून खाली सोडला. मग म्हणाल्या, “अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची राखली. ही माझी हायत.”

त्यांना भीती एकच होती, साथीची. रेडिओवर किंवा पेपरात जनावरांच्या रोगाची बातमी आली की त्या एसटीच्या ड्रायव्हरकडून मला चिठ्ठी पाठवत: अमुक ठिकाणी देवी आल्या म्हणतात, आपल्याकडे लस आहे का? लाळ्या-खुरकत कुठवर आली? लेखी उत्तर मिळाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आरोग्य केंद्रातली सवय म्हणून त्यांनी एक जाड वहीही ठेवली होती. गावात कुणाचं जनावर आजारी पडलं की तारीख, घर, लक्षण, ताप. पहिल्या पानांवर कोंडावर जन्मलेल्या मुलांच्या नोंदी होत्या, त्याच वहीत पुढं शेळ्या आणि गाई सुरू झाल्या होत्या. “साथ येते तेव्हा कोणाला कळत नाय,” त्या म्हणत. “पण कुठनं आली, ते लिहिलेलं असलं तर कळतं.” गावातले लोक हसत. म्हातारीला काम नाही, म्हणत.

एका वर्षी शिमग्याच्या तोंडावर दगडूनं बाजारातून दोन बोकड आणले. दगडू मुंबईतली मिल बंद पडल्यावर गावी परतलेला, बोलण्यात निम्मं हिंदी, पण मनानं चांगला माणूस. बोकड घेऊन तो शिष्टरबायच्या फाटकावरून चालला होता, तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं. ही हकीगत मला पुढं दोघांनीही सांगितली आणि दोघांचंही सांगणं जुळलं.

“दगडू, याचं नाक बघ,” त्या म्हणाल्या.

“सर्दी है, शिष्टरबाय. टेम्पोत वारा लागला.”

“सर्दी असली तर आठ दिवसांत जाईल. आठ दिवस वेगळा बांध.”

“वेगळा कुठं बांधू? टेन्शन नका घेऊ.”

दगडूनं ते बोकड आपल्या शेळ्यांत बांधले. सहाव्या दिवशी त्याच्या शेळ्यांनी पाला सोडला. नवव्या दिवशी शेजारच्या पारूबायच्या. पारूबाय ही विधवा बाई, तीन मुलं मुंबईला, घरात ती आणि अकरा शेळ्या. त्या दिवशी एसटीतून माझ्या हाती चिठ्ठी आली: ‘ताप एकशे सहा. नाकातून घट्ट पू. जिभेवर फोड. हगवण. दोन घरं. आज ये.’

मी गेलो आणि पहिल्या शेळीचं तोंड उघडून बघताच रोग ओळखला. शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी. आमच्या कागदांत तिला पीपीआर म्हणतात. आमच्या भागात मी ती तोवर पाहिली नव्हती, फक्त पुस्तकात वाचली होती. तिच्यावर औषध नाही. तिची खास लसही तेव्हा आमच्यापर्यंत पोचलेली नव्हती. ताप उतरवायचा, तोंड धुवायचं, पाणी पाजत राहायचं आणि जी जगेल ती जगेल. दोन्ही कोंडांवर मिळून साठेक शेळ्या होत्या. माझ्याकडं त्याच वेळी आणखी तीन गावं होती. रोज येणं मला शक्य नव्हतं, आणि या रोगात रोज दोनदा प्रत्येक जनावराशी कुणीतरी बसावं लागतं.

मी शिष्टरबायच्या फाटकाशी गेलो. आत गेलो नाही. बाहेरूनच म्हणालो, “सिस्टर, तुम्ही मदत केलीत तर काही जनावरं वाचतील.”

त्यांनी मागं वळून बघितलं. मेंढरं सावलीला बसून रवंथ करत होती.

“मी बाहेर पडले नाय, तर ही नऊ वाचतील,” त्या म्हणाल्या.

त्या फाटकाजवळ आल्या.

“मला विचारताना तुला हे ठाऊक होतं?”

“हो.”

“मग ठीक हाय. ठाऊक नसतं आणि विचारलं असतंस, तर मी आले नसते.”

त्यांनी पहिलं काम केलं ते कोंडावरचं नव्हतं. बिरूचा कळप तेव्हा महाडच्या बाजूला नदीकाठच्या शेतांत होता आणि आठवड्याभरात कोंडावर येणार होता. दुपारच्या एसटीनं त्या गेल्या, दोन तास चालून त्याचा तळ शोधला आणि लांबूनच, शेताच्या बांधावर उभं राहून, त्याला इकडं फिरकू नको म्हणून सांगितलं. बिरूनं का म्हणून विचारलं नाही. त्याच दिवशी त्यानं कळप दुसऱ्या वाटेला वळवला. दोनशेच्या वर मेंढरं होती त्याची. ती सगळी वाचली. पण त्या वर्षी कोंडावरच्या शेतांत कळप बसला नाही, खत मिळालं नाही, आणि ते लोकांच्या लक्षात राहिलं.

मग त्या घरोघर जाऊ लागल्या. सकाळी एक पातेलं पेज आणि एक बादली पाणी घेऊन निघत. लहान मुलांच्या हगवणीत पाजतात तसं मीठ-साखरेचं पाणी त्या शेळ्यांना बाटलीनं पाजत. तोंडं जांभळ्या औषधानं धुवायची, फोडांवर ग्लिसरीन लावायचं, नाकं पुसायची. आजारी जनावर दावणीतून वेगळं काढा, म्हणून प्रत्येक घरात भांडायचं. काही लोक ऐकत, काही ऐकत नसत. एकानं मेलेली शेळी वहाळाच्या पाण्यात टाकली, तेव्हा त्या स्वतः पाण्यात उतरल्या आणि ती ओढून बाहेर काढली. पारूबायच्या दावणीशी मी त्यांना तीन-तीन तास बसलेलं पाहिलं. चौथ्या दिवशी पारूबाय चहाचे दोन पेले घेऊन बाहेर आली. एक माझ्या हातात दिला, एक शिष्टरबायच्या. शिष्टरबायनी औषधाचे हात दाखवले आणि म्हणाल्या, “तूच पी. थंड होईल.” पारूबायनं तो पेला खाली ठेवला, त्यांच्याच बादलीतल्या तांब्यानं त्यांच्या हातांवर पाणी घातलं, मग उरलेलं पाणी स्वतः प्यायली आणि म्हणाली, “आता पी गो.” शिष्टरबायनी पेला उचलला.

घरी परतताना शिष्टरबाय किती जपत हे मी पाहिलं आहे. फाटकाबाहेर न्हाणीघर होतं. तिथं अंगावरचं लुगडं उतरवून सोड्याच्या पाण्यात टाकायचं, आंघोळ करायची, दुसरं नेसायचं आणि मगच आत. तरीही मेंढरांना हात लावायचा नाही. पाला कुंपणावरून टाकायचा. मेट्रन कुंपणाशी येऊन ओरडे. “बोलव, बोलव,” त्या लांबून म्हणायच्या. “ड्युटीवर हाय मी.”

शिष्टरबाय घरोघर जाऊ लागल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी दगडूकडं चार शेळ्या मेल्या. दगडूनं आणि मी खड्डा खणला, चुना टाकला, पुरल्या. शेवटची शेळी खाली ठेवताना दगडूनं तिच्या अंगावरचं गवत झटकलं. मी तिथून निघालो तो सरळ शिष्टरबायकडं, तापाचे आकडे लिहून घ्यायला. डोक्यात काहीच नव्हतं. फाटक उघडलं, आत गेलो आणि पायरीवर बसलो. शिष्टरबाय दारात उभ्या होत्या. त्यांनी मला पाणी आणून दिलं. वही समोर ठेवली. मी आकडे उतरवले आणि गेलो.

पाच दिवसांनी कंपाउंडरनं पाला खाल्ला नाही.

तेव्हा मला आठवलं की त्या दिवशी मी पाय धुतले नव्हते.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. कंपाउंडर गेला, मग दोन्ही स्टुडंट, मग लॅब, मग रोज नाव बदलणाऱ्या त्या दोघी. त्या आता मेंढरांत बसून असत. लांब राहण्याचं कारण संपलं होतं. घरोघर जाणं मात्र त्यांनी थांबवलं नाही. सकाळी वरचा कोंड, दुपारी खालचा, संध्याकाळी स्वतःची. मेट्रनच्या पोटात पिल्लू होतं. ते पडलं. त्यानंतर ती दोन दिवस उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी बसली ती उठली नाही. शिष्टरबायनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ओल्या फडक्यानं त्या तिचं नाक पुसत होत्या. मी तिथं होतो. श्वास थांबल्यावरही त्या थोडा वेळ नाक पुसत राहिल्या. मग उठल्या, वही आणली आणि वेळ लिहिली. दगडू फावडं घेऊन आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. सातही खड्डे त्यानंच खणले. स्टाफ आणि आया, एवढ्या दोनच वाचल्या.

कोंडावरच्या शेळ्या निम्म्याहून थोड्या कमी मेल्या. या रोगात उरल्या त्या खूप उरल्या, हे मला ठाऊक होतं. लोकांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. शिमगा तसाच सुना गेला. मग एका सकाळी देवळासमोर बैठक बसली. मी तिथं होतो, कारण पंचनाम्यांवर सह्या घ्यायच्या होत्या. बोलणं हळूहळू सुरू झालं. मेंढरं देशावरची. इथल्या हवेत ती रोगीच असणार. मेंढरांतला रोग शेळ्यांत आला. एक जण म्हणाला, “धनगराला तिनं आधीच वळवलान. म्हंजे तिला म्हायती होतं. रोग तिच्याच मेंढरांत होता.”

मी म्हणालो की तसं नाही. आधी बोकड आले, मग दगडूच्या शेळ्या, मग पारूबायच्या, आणि मेंढरं सगळ्यांत शेवटी.

“तुम्ही नोकरीवाले, डॉक्टर,” तो म्हणाला. “बदली झाली की जाल. आमाला हितंच ऱ्हायचाय.”

मी दगडूकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. पारूबाय बायकांत मागं बसली होती. तीही काही बोलली नाही. उरलेल्या दोन मेंढ्या गावात नकोत, असं ठरलं.

मी तसाच शिष्टरबायकडं गेलो आणि वही मागितली. त्यात सगळं होतं. तारखा, घरं, पहिला ताप कुठं, शेवटचा कुठं. ती वही बैठकीत वाचली असती तर कुणाला तोंड वर करता आलं नसतं.

त्या म्हणाल्या, “नाय.”

“सिस्टर, तुमच्यावर आळ आहे.”

“यांची पोरं कधी झाली, ते याच वहीत लिहिलंय मी. आता ही माणसं चुकली म्हणून हीच वही यांच्या तोंडावर मारू?” त्या दमलेल्या दिसत होत्या. “आणि वाचलीस तर दगडूचं काय करतील, ते बघ. त्याचं हितं घर हाय.”

वैशाखात बिरू घाटावर परत निघाला तेव्हा त्यांनी स्टाफ आणि आया त्याच्या हवाली केल्या. तोवर दोनेक महिने उलटले होते आणि त्यांच्यापासून कुणाला धोका नव्हता. मी स्वतः तपासून तसं सांगितलं होतं. बिरूची बायको शिष्टरबायच्या पाया पडली. त्या तिला म्हणाल्या, “पावसात खूर बघत जा.” घाटावर तेवढा पाऊस पडत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानंतर आठवड्यानं मिलिंद येऊन त्यांना बिरवाडीला घेऊन गेला.

मी बिरवाडीला पहिल्यांदा गेलो तो तीन-चार महिन्यांनी. त्या खोलीच्या दारात बसून मिलिंदच्या मुलीच्या वेण्या घालत होत्या. वारा कारखान्यांकडून येत होता आणि घसा चरचरत होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी त्यांना सांगितलं. त्या दिवशी मी दगडूच्या शेळ्या पुरून आलो आणि पाय न धुता तुमच्या अंगणात शिरलो. त्यानंतर पाचव्या दिवशी कंपाउंडर पडला.

त्यांनी वेणीला रिबीन बांधली आणि मुलीला आत पाठवलं.

“मी बघितलं होतं,” त्या म्हणाल्या.

“मग बोलला का नाहीत?”

“तुझं तोंड बघितलं. पायरीवर बसलास तो असा बसलास, की आता याला उठवलं तर हा रडेल, असं वाटलं.” मग त्या म्हणाल्या, “अठ्ठावीस वर्षांत मी कोणाला अशी सवलत दिली नव्हती. म्हणून ती चूक तुझ्या एकट्याची समजू नको. आणि माझ्याही लुगड्याला काय कमी लागलं होतं? कोणामुळं, ते नाय कळायचं आता.”

हा रोग श्वासावाटे, जनावरांनी एकमेकांजवळ आल्यानं जास्त पसरतो, बुटांवरून क्वचितच, असं मी पुढं वाचलं. त्यानं मला फारसं बरं वाटलं नाही.

काही वर्षं मी बिरवाडीला जात राहिलो. मग माझं लग्न झालं, मुलगा झाला, कामाचं क्षेत्र वाढलं. जाणं दोन महिन्यांनी, मग चार महिन्यांनी, मग राहूनच गेलं. अशातच एके दिवशी आमच्याकडं त्या रोगाची लस आली. बर्फाच्या पेटीत, छोट्या बाटल्यांतून. ती पेटी घेऊन मी आधी वरच्या कोंडावर गेलो. निम्म्या शेळ्या टोचून झाल्या आणि लस संपली. उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर ठेवून मी दुपारीच निघालो आणि सरळ बिरवाडीला गेलो. शिष्टरबायना ही बातमी मीच सांगायला हवी होती.

खोलीत मिलिंदची बायको होती. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला. सासूबाई श्रावणात गेल्या, तिनं सांगितलं. छातीत कफ झाला होता, आठ दिवस दवाखान्यात होत्या. “तुम्हाला कळवायचं होतं हो,” ती म्हणाली. “पण तुमचा पत्ता कोणाकडं नव्हता.” मी चहा घेतला. मिलिंद ड्युटीवर होता. त्याला नमस्कार सांगून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी मी उरलेली लस घेऊन कोंडावर गेलो. लोक शेळ्या धरून देवळासमोर रांगेत उभे होते. पारूबाय पहिली होती. तिची शेळी मांडीखाली दाबून सुई भरताना मी तिला सांगितलं.

“कधी?” तिनं विचारलं.

“श्रावणात.”

तिनं शेळीचा कान घट्ट धरून ठेवला होता. “कोणी सांगितलं नाय रे आमाला.”

“मलाही कुणी सांगितलं नाही.”

बातमी रांगेतून मागं गेली. मी बघत नव्हतो, पण आवाज थांबत गेले ते ऐकू येत होतं. दगडू रांगेत मधोमध होता, दोन शेळ्या आणि एक पिल्लू घेऊन. त्याची पाळी आली तेव्हा तो खाली बसला. शेळीला धरायचं ते सोडून त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“मी तवा बोलायला पायजे होतं,” तो म्हणाला.

हिंदीतला एकही शब्द त्यात नव्हता. रांगेतल्या कुणीही कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. पारूबाय पुढं झाली आणि तिनं त्याची शेळी धरली. मी सुई टोचली, जागा चोळली आणि पुढची शेळी आणायला सांगितलं. त्या दिवशी वरचा कोंड पुरा झाला. दुसऱ्या दिवशी खालचा.